महिन्याला सोळा

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात प्रत्येकाने महिन्याला सोळा ड्रॉइंग काढायची असा नियम होता. सोळाच का, हे कुणाला माहीत नव्हतं. माझ्या आधीच्या एकाने विचारलं होतं म्हणे. त्याची बदली झाली. मी १९६० साली पुण्याहून बंगळूरच्या त्या सरकारी कारखान्यात हंगामी ड्राफ्ट्समन म्हणून आलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. पहिल्या महिन्यात मला नऊ जमली. शेजारच्या टेबलावर खंडोजी राव बसत. त्यांनी त्या महिन्यात एकेचाळीस काढली.

मल्लेश्वरममध्ये त्यांच्याच घरामागची खोली मी भाड्याने घेतली होती. सकाळी आठव्या क्रॉसच्या नाक्यावरून कारखान्याची बस सुटायची, तिच्यात आम्ही शेजारी बसायचो. म्हणजे दिवसाचे चोवीस तास मी त्या माणसाच्या वीस फुटांच्या आत होतो. बायकोलाही एवढा सहवास मिळत नाही. त्यांची बायको, राजलक्ष्मीअक्का, मला तसं म्हणालीही होती.

खंडोजीअण्णा इथलेच मराठे. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून आले आणि परत जायचं राहून गेलं, असं ते सांगत. त्यांचं मराठी कन्नडात भिजवून वाळवलेलं होतं. मला ते 'मरी' म्हणायचे. इकडे लहान पोराला लाडाने तसं म्हणतात, हे कळेपर्यंत मी पंधरा दिवस जपून होतो.

"मरी, स्वल्प इकडे ये," असं म्हणून त्यांनी मला ड्रॉइंगवर अक्षरं कशी घालायची ते शिकवलं. पुण्याच्या शाळेत शिकलेलं सगळं त्यांनी रबराने खोडलं. "तुझ्या चाराचं तोंड उघडं आहे. धूळ जाते आत. बंद कर." ते इंग्रजी चाराचा आकडा वरून मिटवून त्रिकोणासारखा काढायचे. मी सगळं उचललं. चार मात्र घाईत उघडाच राहायचा.

एकेचाळीसचा महिना एप्रिल होता. एप्रिलात अण्णांची झोप तीन तासांवर आली होती. गिअरबॉक्सचं जे काम तीन जणांना महिनाभर पुरलं असतं ते त्यांनी पाच दिवसांत संपवलं, आणि ते बरोबर होतं. मग त्यांनी कॅन्टीनमधून प्रत्येक टेबलापर्यंत कॉफी आणणाऱ्या सरकत्या पट्ट्याचं ड्रॉइंग काढलं. पेला आणि पट्टा यांच्यात दोन हजारांश इंचाची फट ठेवली होती. सोबत जनरल मॅनेजरांना बत्तीस पानी पत्र. पत्रात कॉफीपासून सुरुवात करून सतराव्या पानावर ते देशाच्या पोलादावर आले होते आणि तिसाव्या पानावर त्यांनी मॅनेजरांना जेवायला बोलावलं होतं. सहकुटुंब.

ते पत्र वझेसाहेबांनी टपालातून काढून घेतलं. दामोदर वझे आमच्या सेक्शनचे मुख्य. मूळचे पुण्याचे, कमी बोलणारे, हसताना चेहरा न वापरणारे. त्यांनी अण्णांना बोलावलं.

"खंडोजी, पत्र उत्तम आहे. परिशिष्ट नाही."

"परिशिष्ट?"

"बेअरिंगांचं. करा. इथंच बसून. बाहेर कुणाला दाखवू नका, चोरतील."

अण्णा सहा दिवस परिशिष्ट करत होते. तेवढ्या वेळात ते मशीन शॉपमध्ये गेले नाहीत, मॅनेजरांच्या दाराशी गेले नाहीत, आणि कुणाला जेवायला बोलावलं नाही. फक्त आम्हाला. आम्ही गेलो.

मग जूनमध्ये एका सकाळी बसमध्ये ते बोलले नाहीत. ऑफिसात बसले आणि पेन्सिल तासू लागले. टोक आलं, तरी तासत राहिले. संध्याकाळपर्यंत एक अख्खी पेन्सिल संपली आणि कागदावर एक रेघ नव्हती. दुसऱ्या दिवशी दुसरी पेन्सिल. मी वझेसाहेबांकडे गेलो.

"साहेब, अण्णांना काहीतरी झालंय."

"झालेलं नाही. होत असतं," ते म्हणाले. "सात वर्षं बघतोय. वर जातो, खाली येतो. वर असला की त्याला धरायचं, खाली असला की त्याला हलवायचं नाही. 'जरा हसा', 'मन घट्ट करा' असलं काही त्याच्याशी बोललास तर तुला शॉपमध्ये पाठवीन."

"पण त्यांची सोळा?"

वझेसाहेबांनी मागचं लोखंडी कपाट उघडलं. आत अण्णांची पंचवीस ड्रॉइंग गुंडाळून ठेवली होती. एकेचाळीसमधली सोळा रजिस्टरला गेली होती, उरलेली इथं. सगळ्यांवर तारखेचा चौकोन कोरा.

"एप्रिलचा मुरांबा आहे," ते म्हणाले. "जूनला सोळा काढायची, तारीख घालायची, रजिस्टरला चढवायची. मला माणूस सालाचा हवाय, महिन्याचा नकोय. कारखान्याला ते कळत नाही, म्हणून कपाट."

मला ही व्यवस्था फार आवडली. माझ्यासाठीही असं कपाट असतं तर, असंही वाटलं. पण माझा एप्रिल कधी यायचाच नाही.

खालच्या दिवसांत वझेसाहेब आणखी एक गोष्ट करायचे. रोज अकरा वाजता अण्णांच्या टेबलापाशी जाऊन एकच प्रश्न विचारायचे. "खंडोजी, हा बोल्ट अर्ध्या इंचाचा की पाच अष्टमांश?" उत्तर त्यांना माहीत असायचं. समोर ड्रॉइंगवर लिहिलेलं असायचं. उत्तर आलं नाही तर ते "बरं, उद्या," म्हणून परत जायचे. कधी तिसऱ्या दिवशी अण्णा मान वर न करता म्हणायचे, "अर्ध्या." वझेसाहेब "आभारी आहे," म्हणायचे आणि खरोखर वहीत लिहून घ्यायचे. ती वही मी एकदा उघडली होती. पानंच्या पानं तारखा आणि पुढे बोल्ट.

असं बासष्टच्या दिवाळीपर्यंत चाललं. रजिस्टरमध्ये अण्णांच्या नावापुढे प्रत्येक महिन्याला सोळा, सोळा, सोळा. बाकी कुणाचं असं नव्हतं. कुणाचे चौदा, कुणाचे अठरा, माझे लाजिरवाणे. वरच्या ऑफिसात कुणीतरी ते पाहिलं आणि त्रेसष्टच्या सव्वीस जानेवारीला खंडोजी राव यांना 'सतत व समान कामगिरी'बद्दल प्रशस्तिपत्र जाहीर झालं. त्या दिवशी अण्णा घरी भिंतीकडे तोंड करून झोपले होते. प्रशस्तिपत्र त्यांच्या वतीने मी घेतलं. टाळ्या झाल्या. मी मान लववली. अक्काने ते पिठाच्या डब्यामागे ठेवलं.

"समोर नको रे लावू," ती म्हणाली. "ते वाचतील आणि त्यांना आणखी लाज वाटेल."

त्या वेळचं खाली जाणं लांबलं. फेब्रुवारीत कपाट संपलं. शेवटचं ड्रॉइंग बाहेर काढून वझेसाहेबांनी रिकाम्या फळीवरून हात फिरवला.

"प्रेमा," ते म्हणाले, "तुला त्याची सही येते का?"

प्रेमा आमची ट्रेसर. ड्रॉइंगवर पातळ कागद ठेवून शाईने नक्कल करणं हे तिचं काम. ती म्हणाली, "साहेब, सही काय, त्यांची शिंकसुद्धा काढीन. पण अक्षर नंदकिशोरचं जास्त जमतं," आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

मार्चपासून मी माझी नऊ आणि अण्णांची सोळा काढू लागलो. गंमत अशी की त्यांच्या नावाने माझा हात पळायचा. स्वतःच्या नावावर मला कधी दहा ओलांडता आली नाहीत. वझेसाहेब तपासायचे, प्रेमा सही करायची. सरकारी कारखान्यात हा गुन्हा होता आणि पकडले गेलो असतो तर तिघंही घरी बसलो असतो. ऑक्टोबरात मी कायम होणार होतो. पुण्यात आईने ते शेजाऱ्यांना आधीच सांगून टाकलं होतं.

अण्णा शेजारी बसून बघायचे का, ते सांगता येत नाही. एकदा मी त्यांच्या नावाचं ड्रॉइंग काढत असताना त्यांनी त्यांची तासलेली पेन्सिल माझ्या कागदावर आणून ठेवली. फार छान टोक होतं.

ऑगस्टात अक्का वझेसाहेबांच्या घरी गेली. मी सोबत होतो. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांना दाखवलं होतं. आजाराला लांबलचक इंग्रजी नाव होतं. डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने द्या, त्यातले दोन आत ठेवू. सुधारतील. पुन्हा होणार नाही असं सांगत नाही, पण कामावर जातील.

"सहा महिन्यांची रजा हवी, भाऊ," अक्का म्हणाली. "नोकरी ठेवून. तेवढं करा. त्यांना मी विचारलं, कशाची भीती वाटते. काही बोलत नाहीत ते आजकाल. पण एवढं बोलले, 'माझं टेबल जाईल.'"

"टेबल जाणार नाही," वझेसाहेब म्हणाले. एवढं ठाम बोलताना मी त्यांना फक्त बोल्टांबद्दल ऐकलं होतं.

इतक्या मोठ्या रजेला तीन जणांचं बोर्ड बसायचं. मेडिकल ऑफिसर, पर्सोनेल ऑफिसर आणि चीफ इंजिनियर. सप्टेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहाला आम्हाला बोलावलं. वझेसाहेबांबरोबर ड्रॉइंगच्या गुंडाळ्या धरायला मी गेलो. अण्णा इस्त्रीचा कोट घालून खुर्चीत बसले होते. कोट अक्काने घालून दिला होता. एक बटण चुकलं होतं.

पर्सोनेल ऑफिसरांनी रजिस्टर उघडलं. "डॉक्टर लिहितात, हा माणूस दहा महिने काम करण्याच्या अवस्थेत नाही. रजिस्टर म्हणतं, दहा महिने दरमहा सोळा. हा आजारी असेल तर तुमचं बाकीचं ऑफिस मेलेलं आहे, मिस्टर वझे."

मेडिकल ऑफिसर त्यातल्या त्यात दयाळू होते. त्यांनी माझ्याकडून गुंडाळी घेतली, मेमधलं एक ड्रॉइंग टेबलावर पसरलं आणि अण्णांना सावकाश विचारलं, "हे तुमचं काम. छान आहे. हे करताना कसं वाटत होतं?"

अण्णांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हे माझं नाही."

"सही तुमची आहे."

"माझी नाही."

दुसरं पसरलं. "हे?"

"नाही. चाराचं तोंड उघडं आहे."

तिसरं. चौथं. नाही, नाही. पाचवं जानेवारीचं, कपाटातलं, निघालं. अण्णांनी त्याच्यावरून तळहात फिरवला, आपल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "हे माझं."

बोर्डाने एकमेकांकडे पाहिलं. त्या कारखान्यात त्या ड्रॉइंगांबद्दल फक्त एक माणूस खरं बोलला, आणि मेडिकल ऑफिसरांनी लिहून घेतलं: स्वतःचं काम ओळखत नाही.

"म्हणजे आजार खरा आहे," पर्सोनेल ऑफिसर म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "पण मग सहा महिन्यांचा प्रश्नच येत नाही. स्वतःची सही न ओळखणाऱ्या माणसाच्या हातात आपण मशीनची मापं कशी द्यायची? कधीच कशी द्यायची?"

वझेसाहेब उभे राहिले. "तो बरोबर सांगतोय. मार्चपासूनची त्याची नाहीत. मी काढली."

चीफ इंजिनियर हसले, पण वाईट हसले नाहीत. "वझे, तुमचं अक्षर मी पंधरा वर्षं वाचतोय. आधी ते इस्पितळात पाठवायला हवं. मला कळतं तुम्ही का बोलताय. पण जानेवारीत याला प्रशस्तिपत्र आम्हीच दिलंय. ते काय तुम्हाला दिलं?"

"मग माझ्या सेक्शनने काढली. माझ्या हुकमावरून."

"कुणी?"

वझेसाहेब टेबलावरची ड्रॉइंग पुन्हा गुंडाळू लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि ते त्यांनी मुद्दाम केलं. चीफ इंजिनियरांनी मात्र पाहिलं.

"तू शेजारी बसतोस ना? तू काढलीस ही?"

बाहेर शॉपमध्ये कुठेतरी प्रेस चालू होता. धाड, मग थांबून पुन्हा धाड. माझ्या हातात अजून चार गुंडाळ्या होत्या.

"नाही, सर," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडे बघून मान किंचित हलवली, नको म्हणून. मग बोर्डाला म्हणाले, "कुणाची आहेत मला ठाऊक नाही. पण हात चांगला आहे. नवीन दिसतोय. त्याला ठेवा."

मेडिकल ऑफिसरांनी तेही लिहून घेतलं.

अण्णांनी मान हलवली म्हणून मी नाही म्हणालो, असं मी प्रेमाला सांगितलं, अक्काला सांगितलं, नंतर माझ्या बायकोलाही सांगितलं. ऐकणाऱ्याला ते पटतं. खरं म्हणजे मी आधी नाही म्हणालो. मान त्यांनी नंतर हलवली.

कायमचे अपात्र, असा कागद आला. ऑक्टोबरात मी कायम झालो. दोन्ही कागदांवर एकाच माणसाची सही होती. अण्णांचं टेबल मला मिळालं, कारण खिडकीजवळचं होतं आणि आता सेक्शनमध्ये सगळ्यात नियमित हात माझा, असं चीफ इंजिनियरांचं मत पडलं होतं. ते कुठल्या आधारावर पडलं, ते त्यांनाच ठाऊक. खणात तासलेल्या पेन्सिलींची सात थोटकं होती. ती मी टाकली नाहीत. वापरलीही नाहीत.

वझेसाहेब माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर मी काहीतरी विनोद केला असता. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वही काढली, अकरा वाजता सवयीने त्या टेबलापाशी आले, मला पाहिलं आणि परत गेले. मग त्यांनी पोस्टकार्डं आणवली.

इस्पितळातले दोन महिने संपल्यावर अक्काने घर भाड्याने दिलं आणि अण्णांना घेऊन आनेकलला तिच्या भावाच्या मळ्यावर गेली. वझेसाहेब तिथं दर सोमवारी एक कार्ड टाकायचे. मजकूर एकच. 'खंडोजी, बोल्ट अर्ध्या इंचाचा की पाच अष्टमांश? उत्तराची घाई नाही.' आनेकलच्या पोस्टमनला हा गुप्त संकेत वाटला असावा. मार्चमध्ये एक पोलीस मळ्यावर येऊन विचारपूस करून गेला म्हणे. अक्काने त्याला भाकरी वाढली.

एप्रिलात, चौसष्टच्या, उत्तर आलं. 'अर्ध्या. कळवायला उशीर झाला.'

डॉक्टरांनी सहा महिने म्हटले होते, सात लागले.

त्या रविवारी मी बसने आनेकलला गेलो. अण्णा विहिरीच्या काठावर बसून रहाटाचं माप घेत होते. जाड झाले होते थोडे. बोलणं पूर्वीसारखं, फक्त सावकाश. झोप किती, म्हणून मी विचारलं. "सात तास," अक्का आतून म्हणाली. "मी मोजते."

"टेबल कुणाकडे आहे?" अण्णांनी विचारलं.

"माझ्याकडे."

"सरी, ठीक झालं. खिडकीची वरची फळी लावू नको, उजेड जातो." मग टेपची गुंडाळी करत, "मी अर्ज केला होता, मरी. बरा झालो म्हणून. ते म्हणतात बोर्डाचा कागद कायमचा असतो. डॉक्टरचं पत्र लावलं होतं. त्यावर म्हणे, तुम्ही स्वतःच सांगितलंत की ड्रॉइंग तुमची नाहीत."

"अण्णा, मी—"

"चार बंद कर की रे," ते म्हणाले. "एवढं शिकवलं."

मी परतीच्या बसमध्ये बसेपर्यंत ते मला मळ्यातली झाडं दाखवत होते. एकेक.

मेच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसात टपालाने एक लांब गुंडाळी आली. आनेकलहून. रहाट, तीन बाजूंनी. बैलगाडीचा आस, आस आणि चाक यांच्यात दोन हजारांश इंचाची फट. कडब्याच्या सुरीची मूठ, छेद घेऊन. जात्याचा खुंटा. मोजायची गरज नव्हती, पण प्रेमाने मोजली.

"सोळा," ती म्हणाली, आणि शाईची बाटली शोधायला गेली ती बराच वेळ आली नाही.

वझेसाहेबांनी सोळाही ड्रॉइंग एकेक करून तपासली. एका मापावर खूण केली, मग पट्टी लावून पाहिली आणि खूण खोडली. 'तपासणार'च्या चौकोनात प्रत्येकावर सही केली. मग थांबले. 'काढणार' आणि 'तारीख' हे दोन्ही चौकोन सगळ्यांवर कोरे होते.

"साहेब, विसरले असतील," मी म्हणालो.

"खंडोजी विसरत नाही." त्यांनी गुंडाळी माझ्याकडे सरकवली. "त्याला वाटतं, इथं आता त्याची सही चालत नाही. आणि नाव नसलेलं ड्रॉइंग मी कपाटात ठेवत नाही. नियम आहे. तारीखही घाल, ही दुसऱ्या महिन्यावर चढवायची नाहीत."

मी पेन घेतलं. के. राव, असं त्यांच्या अक्षरात लिहिलं. सोळा वेळा. हात अजिबात पळाला नाही. तारीख घालताना प्रत्येक ड्रॉइंगवर चौसष्टातला चार वरून नीट मिटवला, आणि शाई वाळेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.